सॉफ्टवेअर उघडायला इतका वेळ का लागतो? प्री-कंपाइल, एनजेन आणि रेडी-टू-रन सोप्या मराठीत

फोनवर ॲपला बोट लावलं की ते पटकन उघडतं. लॅपटॉपवर मात्र एखाद्या साध्या बिलिंगच्या किंवा फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर डबल क्लिक केलं की निळं चक्र फिरत बसतं. मग मला नेहमीचे मेसेज येतात: ‘रॅम वाढवू का? एसएसडी टाकू का? की लॅपटॉपच नवीन घेऊ?’ ते सॉफ्टवेअर उघडताना नेमकं काय करत असतं, हा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही.

अनेक वेळा त्याचं उत्तर असं असतं की सॉफ्टवेअर त्या क्षणी स्वतःला भाषांतरित करत असतं. हे काम आधीच उरकून ठेवण्याला प्री-कंपाइल करणं म्हणतात. हे काम तुमच्या फोनमध्येही चालतं, बहुतेक वेळा रात्री, फोन चार्जिंगला असताना. या लेखात मी दोन्हीकडचा प्रकार सांगणार आहे: डेस्कटॉपवर हे कसं चालतं, फोनवर कसं चालतं, त्याने काय फायदा होतो, काय होत नाही आणि आपण काय करावं.

आधी मूळ गोष्ट: प्रोसेसरला काय कळतं?

प्रोसेसरला फक्त मशीन कोड कळतो. प्रोग्रामर मात्र सी शार्प, जावा, कोटलिन अशा भाषांत लिहितो. मधलं भाषांतर म्हणजे कंपाइल करणं. सी आणि सी प्लस प्लसमध्ये हे भाषांतर कंपनीच्या कॉम्प्युटरवरच पूर्ण होतं. तुमच्याकडे येते ती फाइल थेट मशीन कोडमध्येच असते.

जावा आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटने वेगळा रस्ता घेतला. तिथे प्रोग्राम आधी एका मधल्या भाषेत उतरवला जातो. जावात तिला बाइटकोड म्हणतात, डॉट नेटमध्ये इंटरमीडिएट लँग्वेज, म्हणजे थोडक्यात आयएल. ही मधली भाषा कुठल्याच प्रोसेसरची नसते, त्यामुळे तीच फाइल वेगवेगळ्या प्रकारच्या मशीनवर चालू शकते. तुमच्या मशीनवर प्रोग्राम सुरू झाला की रनटाइम नावाचा मदतनीस त्या मधल्या भाषेचं मशीन कोडमध्ये भाषांतर करतो, तेही अगदी गरज पडेल तेव्हाच. याला जस्ट-इन-टाइम कंपाइल म्हणतात, म्हणजेच जेआयटी.

जेआयटी एका वेळी एक मेथड घेतो. मेथड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक छोटा तुकडा. एखादी मेथड पहिल्यांदा वापरायची वेळ आली की आधी तिचं भाषांतर होतं, मग ती चालते. दुसऱ्यांदा तीच मेथड लागली तर भाषांतर तयारच असतं. पण प्रोग्राम बंद केला की मेमरीतलं ते सगळं भाषांतर जातं. उद्या पुन्हा उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता लक्षात येईल की त्रास नेमका उघडतानाच का होतो. सुरू होताना विंडो, मेनू, फॉन्ट, सेटिंग्ज, डेटाबेस अशा शेकडो नव्हे हजारो मेथड पहिल्यांदाच वापरल्या जातात आणि प्रत्येकीचं भाषांतर त्याच वेळी व्हावं लागतं.

दळणाचं उदाहरण

घरात ज्वारीचं पोतं आहे असं धरा. तवा तापत ठेवलाय, सगळे ताटावर बसलेत आणि तुम्ही प्रत्येक भाकरीसाठी मूठभर ज्वारी जात्यावर दळताय. हा झाला जेआयटी. पीठ ताजं मिळतं, लागेल तेवढंच दळलं जातं, पण पहिली भाकरी पानात पडायला वेळ लागतो.

दुसरी पद्धत आपल्या सगळ्यांची: आदल्या दिवशीच गिरणीतून दळण आणून डबा भरून ठेवायचा. हे झालं अहेड-ऑफ-टाइम कंपाइल, म्हणजेच एओटी, किंवा आपल्या विषयाच्या भाषेत प्री-कंपाइल. भाकरी लगेच सुरू होते. पण डब्याला जागा लागते, आणि बाजरीचं पीठ जास्त दिवस राहिलं की कडू होतं, तसं हे आधी करून ठेवलेलं भाषांतरही शिळं होऊ शकतं. ते कसं, ते पुढे येईलच.

तुमच्या फोनमध्ये हे आधीपासून चाललंय

अँड्रॉइडचा इतिहास म्हणजे या दोन पद्धतींमधली ओढाताणच आहे.

- सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये डॅल्विक नावाचा रनटाइम होता. २०१० च्या अँड्रॉइड २.२ म्हणजे फ्रोयोमध्ये त्याला जेआयटी मिळाला.
- २०१३ च्या किटकॅटमध्ये एआरटी नावाचा नवा रनटाइम प्रयोग म्हणून आला. २०१४ च्या लॉलीपॉपमध्ये त्याने डॅल्विकची जागा घेतली. आता ॲप इन्स्टॉल होतानाच त्याचं भाषांतर होऊ लागलं. ॲप झटपट उघडू लागली, पण इन्स्टॉलला वेळ लागायचा आणि स्टोरेजही जास्त खाल्लं जायचं. सिस्टिम अपडेट झालं की ‘अँड्रॉइड अपग्रेड होत आहे’ असं म्हणत एकेक ॲप ऑप्टिमाइझ करणारी स्क्रीन यायची. त्या काळात फोन वापरलेल्या मोठ्या भावाला किंवा ताईला विचारा, त्यांना ती पक्की आठवत असेल.
- २०१६ च्या नूगाटमध्ये गुगलने मधला मार्ग काढला. ॲप लगेच इन्स्टॉल होतं आणि सुरुवातीला जेआयटीवर चालतं. तुम्ही त्यातला कुठला भाग जास्त वापरता याची नोंद ठेवली जाते. त्या नोंदीला प्रोफाइल म्हणतात. फोन रिकामा असतो आणि चार्जिंगला लावलेला असतो तेव्हा फक्त तेवढ्याच भागाचं कायमचं भाषांतर करून ठेवलं जातं.
- त्यानंतर गुगल प्लेने इतर लोकांच्या वापरातून बनलेली प्रोफाइल्स ॲपबरोबरच द्यायला सुरुवात केली. ॲप बनवणारेही आता बेसलाइन प्रोफाइल नावाची स्वतःची यादी सोबत पाठवू शकतात: ‘उघडताना हे हे लागतं, हे आधी दळून ठेवा.’

म्हणजे नवीन ॲप पहिल्या दिवशी थोडं अडखळतं आणि दोन-चार दिवसांनी सुरळीत वाटतं, तेव्हा तो नेहमीच तुमच्या मनाचा खेळ नसतो.

आयफोनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे साध्या ॲपला चालू असताना नवा मशीन कोड तयार करून चालवायची परवानगीच नाही. त्यामुळे सी शार्पमध्ये लिहिलेलं ॲप आयफोनवर न्यायचं तर सगळं भाषांतर आधीच करून न्यावं लागतं. तिथे प्री-कंपाइल केल्याशिवाय गत्यंतरच नाही.

डेस्कटॉपवरचा जुना खेळाडू: एनजेन

आता मुख्य विषयावर येऊ. मायक्रोसॉफ्टने २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती आणली, तेव्हाच सोबत एक छोटं टूल दिलं: नेटिव्ह इमेज जनरेटर. सगळे त्याला एनजेन म्हणतात. विंडोज ११ मध्येही डॉट नेट फ्रेमवर्क असतं, त्यामुळे एनजेन आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. ते विंडोजच्या फोल्डरमधल्या मायक्रोसॉफ्ट डॉट नेट या फोल्डरमध्ये बसलेलं असतं. ३२ बिट आणि ६४ बिटसाठी त्याच्या वेगळ्या प्रती असतात आणि दोघांचं तयार भाषांतरही वेगळं ठेवलं जातं.

काम साधं आहे. एनजेनला सांगायचं की अमुक सॉफ्टवेअर घे. ते त्या सॉफ्टवेअरची आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररींची आयएल वाचतं, मशीन कोड बनवतं आणि नेटिव्ह इमेज कॅश नावाच्या जागेत ठेवतं. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडलं की रनटाइम आधी तिथे बघतो. तयार कोड सापडला आणि तो जुळला तर जेआयटीला उठवायची गरज पडत नाही. नाही जुळला तरी काही बिघडत नाही, तो निमूटपणे जेआयटीकडे वळतो. म्हणूनच तुम्हाला एरर दिसत नाही, फक्त सॉफ्टवेअर सुस्त झाल्यासारखं वाटतं.

तयार कोड झाला म्हणून मूळ फाइल काढून टाकता येत नाही, हेही लक्षात ठेवा. नेटिव्ह इमेजच्या सोबत मूळ आयएलची फाइल लागतेच.

एनजेन कोण चालवतं? बऱ्याचदा सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरच. पेंट डॉट नेट हे फुकट मिळणारं फोटो एडिटर अनेकांनी वापरलं असेल. त्याच्या जुन्या आवृत्त्या इन्स्टॉल होताना शेवटी तुमच्या सिस्टिमसाठी ऑप्टिमाइझ करतोय अशा अर्थाची ओळ दाखवत थोडा वेळ थांबायच्या. तो वेळ एनजेनचा असायचा. इन्स्टॉल करताना एकदाच थांबा आणि नंतर रोज वेळ वाचवा, असा तो सौदा होता.

एनजेनचा दुसरा फायदा मेमरीचा आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. जेआयटीने केलेलं भाषांतर प्रत्येक चालू प्रोग्रामचं स्वतंत्र असतं. नेटिव्ह इमेज मात्र डिस्कवरची फाइल असते, त्यामुळे तीच लायब्ररी वापरणारे दोन-तीन प्रोग्राम मेमरीतले तेच तुकडे वाटून घेऊ शकतात. कमी रॅमच्या मशीनवर आणि एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करतात अशा ठिकाणी याला किंमत आहे.

ते शिळं कधी होतं? आणि टास्क मॅनेजरमधलं ते लांबलचक नाव

नेटिव्ह इमेज ही ठराविक आवृत्तीच्या फ्रेमवर्कशी बांधलेली असते. विंडोज अपडेटमधून डॉट नेट फ्रेमवर्कचा पॅच आला की जुन्या इमेज बाद होतात. कोड चुकीचा चालण्यापेक्षा तो टाकून दिलेला बरा, असा हा हिशेब आहे. मग सगळं दळण पुन्हा करावं लागतं.

हे काम करणारी सर्व्हिस २००५ च्या डॉट नेट २.० पासून आहे. टास्क मॅनेजरमध्ये ती ‘डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस’ या नावाने दिसते आणि तिच्या फाइलचं नाव एमएससीओआरएसव्हीडब्ल्यू असं विचित्र आहे. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी ती आधी उरकते, बाकीच्या रांगेत लावते आणि कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा एकेक करत संपवते. त्या वेळी प्रोसेसर बराच वापरला जातो, पंखा फिरायला लागतो आणि लोक घाबरतात. व्हायरस आला म्हणून ती प्रोसेस बंद करणारे, सर्व्हिसच डिसेबल करणारे कितीतरी जण मी पाहिलेत. त्याने होतं इतकंच की रांग तशीच राहते आणि रोज सॉफ्टवेअर उघडताना जेआयटीला तेच काम करावं लागतं.

माझ्या ओळखीच्या एका मेडिकलवाल्या काकांकडे असाच प्रकार होता. बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजच्या एका अपडेटनंतर फार हळू उघडायला लागलं. दुरुस्ती करणाऱ्याने सरळ नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं होतं. काका सकाळी दुकान उघडल्यावर पीसी चालू करायचे आणि रात्री शेवटचं बिल झालं की लगेच बंद. दिवसभर गिऱ्हाईक असल्यामुळे मशीन रिकामं असं नसायचंच. म्हणजे रांगेतलं काम करायला त्याला फुरसतच मिळत नव्हती. आम्ही एनजेनला रांगेतलं सगळं काम ताबडतोब संपवायला सांगितलं, ते चालू असताना चहा घेतला आणि काम झाल्यावर सॉफ्टवेअर पूर्वीसारखं उघडायला लागलं. त्या काकांचा नव्या पीसीचा खर्च तूर्त तरी टळला.

रांग लगेच संपवायची असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनजेन ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा आणि एनजेनच्या नावापुढे एक स्पेस देऊन ‘एक्झिक्यूट क्यूड आयटम्स’ हे तीन शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, लिहा. ३२ आणि ६४ बिटच्या दोन्ही फोल्डरमध्ये जाऊन एकेकदा करा. कमांडच्या वाट्याला जायचं नसेल तर सोपा उपाय म्हणजे अपडेट झाल्यावर लॅपटॉप चार्जरला लावून तासभर चालू ठेवा आणि त्याला हात लावू नका.

एक खबरदारी: नाव तेच पण फाइल विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट डॉट नेट फोल्डरबाहेर असेल तर संशय घ्या आणि अँटिव्हायरस स्कॅन करा. टास्क मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून फाइलची जागा बघता येते.

नवी पिढी: रेडी-टू-रन आणि नेटिव्ह एओटी

एनजेन फक्त जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कसाठी आहे. नंतर आलेल्या डॉट नेट कोअरमध्ये, आणि आता नुसतं डॉट नेट म्हणतात त्याच्यात, पद्धत बदलली. भाषांतर तुमच्या मशीनवर न करता सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मशीनवरच करायचं आणि तयार माल पाठवायचा. याचे दोन प्रकार आहेत.

रेडी-टू-रन: २०१९ च्या डॉट नेट कोअर ३.० पासून कुठलाही डेव्हलपर आपलं ॲप असं पब्लिश करू शकतो. फाइलमध्ये आयएलही असते आणि मशीन कोडही असतो. सुरू होताना तयार मशीन कोड वापरला जातो, त्यामुळे ॲप लवकर उघडतं. हा कोड फ्रेमवर्कच्या छोट्या अपडेटनंतरही चालावा म्हणून थोडा सावध, म्हणून थोडा कमी वेगवान बनवलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे टिअर्ड कंपायलेशन. एखादी मेथड ३० वेळा वापरली गेली की रनटाइम मागच्या मागे तिचं पुन्हा, जास्त चांगलं भाषांतर करतो. सुरुवातीला गिरणीचं पीठ, आणि जे रोज लागतं ते मात्र निगुतीने दळलेलं. तोटा म्हणजे आकार. मायक्रोसॉफ्टच्याच माहितीप्रमाणे अशा फाइल साधारण दोन ते तीन पट मोठ्या होतात. शिवाय प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळी फाइल बनवावी लागते.

नेटिव्ह एओटी: २०२२ च्या डॉट नेट ७ मध्ये अधिकृतपणे आलेला हा प्रकार टोकाचा आहे. यात जेआयटी सोबत नसतोच. सी प्लस प्लससारखी थेट मशीन कोडची फाइल तयार होते. ती फार पटकन सुरू होते आणि मेमरीही कमी घेते. पण जे सॉफ्टवेअर चालू असताना स्वतःचाच कोड तपासतं, नवे प्लगइन उचलतं किंवा नवा कोड बनवतं, त्याला हे मानवत नाही. विंडोजची जुनी डेस्कटॉप सॉफ्टवेअर ज्या डब्ल्यूपीएफमध्ये लिहिली जातात, तिथे हा पर्याय अधिकृतपणे मिळत नाही. त्यामुळे तुमच्या रोजच्या डेस्कटॉप ॲपसाठी बहुतेक वेळा रेडी-टू-रन हाच व्यवहारी मार्ग ठरतो.

या दोघांच्या आधी, २०१२ च्या डॉट नेट ४.५ मध्ये, आणखी एक युक्ती आली होती: मल्टिकोअर जेआयटी. पहिल्या वेळी सॉफ्टवेअर उघडताना कुठल्या मेथड लागल्या याची यादी ठेवायची आणि पुढच्या वेळी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर त्यांचं भाषांतर आधीच सुरू करायचं. यात तयार कोड साठवला जात नाही, फक्त काम वाटून घेतलं जातं. अँड्रॉइडच्या प्रोफाइलची ही दूरची बहीणच म्हणा.

बाकीच्या जगात काय चालतं?

- जावा: २००४ च्या जावा ५ पासून क्लास डेटा शेअरिंग आहे. यात जावाच्या मूळ क्लासेसची वाचून, तपासून झालेली तयार प्रत साठवतात. २०१९ च्या जावा १२ पासून ही प्रत जेडीकेबरोबरच येऊ लागली. पूर्ण मशीन कोड हवा असेल तर ग्रालव्हीएमचं नेटिव्ह इमेज हे टूल आहे.
- पायथन: पायथन शिकणाऱ्यांनी प्रोजेक्टमध्ये पायकॅश नावाचं फोल्डर बघितलं असेल. त्यात इम्पोर्ट केलेल्या फाइलींचा तयार बाइटकोड असतो. हा मशीन कोड नव्हे. त्याने फाइल पुन्हा वाचून समजून घेण्याचा वेळ वाचतो, पण प्रोग्राम चालण्याचा वेग त्याने वाढत नाही.
- मॅक: २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले, तेव्हा इंटेलसाठी लिहिलेली जुनी ॲप चालवायला रोझेटा २ दिलं. ते बरंचसं भाषांतर आधीच करून ठेवतं. म्हणून असं ॲप पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं आणि नंतर पटकन उघडतं.
- ब्राउझर: क्रोमसुद्धा नेहमी लागणाऱ्या वेबसाइटच्या जावास्क्रिप्टचा कंपाइल झालेला कोड कॅशमध्ये ठेवतं.

गेम खेळणाऱ्यांनी ‘शेडर कंपाइल होत आहेत’ ही पट्टी पाहिली असेल. तोही याच कुटुंबातला प्रकार, फक्त तिथे भाषांतर ग्राफिक्स कार्डसाठी असतं.

प्री-कंपाइलने काय होत नाही?

हा भाग मुद्दाम वेगळा देतोय, कारण ‘दहापट वेग’ वगैरे दावे सगळीकडे दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे कोल्ड स्टार्ट आणि वॉर्म स्टार्ट यांतला फरक. कॉम्प्युटर चालू केल्यावर सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडता तो कोल्ड स्टार्ट. तेव्हा सगळं डिस्कवरून वाचावं लागतं. बंद करून लगेच पुन्हा उघडलं तर बऱ्याचशा फाइल मेमरीत असतात, तो वॉर्म स्टार्ट. प्री-कंपाइल भाषांतराचा वेळ वाचवतं, डिस्क वाचण्याचा नाही. उलट मशीन कोडची फाइल मोठी असते. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कोल्ड स्टार्टमध्ये फायदा कमी दिसू शकतो, क्वचित वेळ वाढूही शकतो. वॉर्म स्टार्टमध्ये मात्र फरक स्पष्ट जाणवतो.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअर उघडताना इंटरनेटवर लायसन्स तपासत असेल, दूरच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उघडत असेल किंवा वीस प्लगइन लोड करत असेल, तर तो वेळ कंपाइलचा नाहीच. तो तसाच राहणार.

तिसरी गोष्ट, जे सॉफ्टवेअर आधीच सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे त्याला यातलं काहीच लागू होत नाही. त्याचं दळण कारखान्यातच झालेलं असतं.

मग ओळखायचं कसं?

खर्च करण्याआधी मी ही छोटी चाचणी करायला सांगतो. फोनचं स्टॉपवॉच पुरेसं आहे.

१. लॅपटॉप रिस्टार्ट करा. पाच मिनिटं शांत बसू द्या.
२. टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडा. सॉफ्टवेअर सुरू करा आणि वेळ मोजा. प्रोसेसर चढतो की डिस्क, तेही बघा.
३. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. पुन्हा वेळ मोजा.
४. हे तीनदा करा. एका आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पहिल्यांदा हळू आणि दुसऱ्यांदा झटपट उघडत असेल तर अडचण बहुधा डिस्कची आहे, आणि तिथे एसएसडीचा खर्च सार्थकी लागेल. दोन्ही वेळा हळू असेल आणि प्रोसेसर चढलेला असेल तर भाषांतराचा किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कामाचा भार आहे. आधी वर सांगितलेली एनजेनची रांग संपवून बघा. दोन्ही वेळा हळू आणि प्रोसेसर-डिस्क दोन्ही शांत असतील तर सॉफ्टवेअर कुणाची तरी वाट बघतंय, बहुधा नेटवर्कची.

फोनवर आणि लॅपटॉपवर काय करावं, काय करू नये

- टास्क किलर आणि बूस्टर ॲप टाळा. ते मागची ॲप मारून टाकतात, म्हणजे प्रत्येक वेळी तुमच्या वाट्याला कोल्ड स्टार्ट येतो. बॅटरीही त्यातच जाते.
- फोन अधूनमधून रात्री चार्जिंगला लावून निवांत सोडा. मोठ्या सिस्टिम अपडेटनंतर तर नक्कीच. त्या वेळेतच ॲपचं भाषांतर होतं.
- विंडोजचं प्रीफेच फोल्डर साफ करू नका. ते कंपाइलचं काम करत नाही, पण सॉफ्टवेअर उघडताना कुठल्या फाइल लागतात याची नोंद ठेवतं. विंडोज ते स्वतःच सांभाळतं.
- ऑप्टिमायझेशन सर्व्हिस डिसेबल करू नका. काम संपलं की ती आपोआप शांत होते.
- डेव्हलपर ऑप्शन्स आणि एडीबी वापरता येत असेल तर अँड्रॉइडमध्ये एखादं ॲप ‘स्पीड’ मोडमध्ये पूर्ण कंपाइल करता येतं. पण मग ते स्टोरेज जास्त घेतं. सगळ्या ॲपना हे करण्यात अर्थ नाही. नूगाटमध्ये गुगलने ते का सोडलं, ते वर पाहिलंच.

तुम्ही कोडिंग शिकत असाल तर

कॉलेजचा प्रोजेक्ट सी शार्पमध्ये करत असाल तर हे नक्की करून बघा. प्रोजेक्ट फाइलमध्ये पब्लिश रेडी-टू-रन हा पर्याय चालू करा, विंडोज ६४ बिटसाठी पब्लिश करा आणि आधीच्या आणि नंतरच्या फाइलचा आकार व वॉर्म स्टार्टचा वेळ वहीत लिहून ठेवा. डीबग मोडमध्ये वेळ मोजू नका, तिथे कोड ऑप्टिमाइझ झालेलाच नसतो. व्हायव्हाला ‘परफॉर्मन्ससाठी काय केलंत?’ असं विचारलं तर तुमच्याकडे स्वतः मोजलेले आकडे असतील.

आणि प्री-कंपाइल करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: उघडताना हे सगळं लागतंच का? रिपोर्टची विंडो कुणी मागितल्यावर उघडली तरी चालत असेल तर ती सुरुवातीला लोड करू नका. जे दळायचंच नाही त्याला वेळही लागत नाही.

नेहमीचे प्रश्न

एनजेनमुळे सॉफ्टवेअर चालतानाही वेगवान होतं का?
फारसं नाही. फायदा मुख्यतः उघडतानाचा आणि एखादा मेनू पहिल्यांदा वापरतानाचा. चालू असतानाच्या दीर्घ कामात जेआयटीचा कोड कधीकधी जास्त चांगला असतो.

एकदा केलं की पुन्हा करावं लागतं का?
एनजेनच्या बाबतीत फ्रेमवर्क अपडेट झालं की हो, पण सर्व्हिस ते स्वतः करते. रेडी-टू-रनमध्ये ती जबाबदारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची.

जुन्या लॅपटॉपसाठी आधी काय, एसएसडी की प्री-कंपाइल?
आधी चाचणी. ती फुकट आहे. रांग संपवणंही फुकट आहे. त्यानंतरही कोल्ड स्टार्ट हळूच असेल तर एसएसडी. नवीन मशीनचा विचार सगळ्यात शेवटी.